तुटण्यासाठी बांधलेली सुतळी

नागपूरला छातीत स्प्रिंग टाकून घरी सोडताना डॉक्टरांनी दोनदा बजावलं, वजन उचलायचं नाही. आमच्या ह्यांनी शहाण्यासारखी मान डोलावली आणि दवाखान्याच्या पायऱ्या उतरता उतरता मला विचारलं, "होडीचा लंगर काई वजनात धरतेत का वं?"

माझ्या नाकावरचा राग अख्ख्या वस्तीला माहीत आहे. पण त्या दिवशी पायऱ्या संपेपर्यंत मी त्यांचा दंड घट्ट धरून ठेवला, एवढंच.

आम्ही दोघंही तळ्याकाठचे. माझं माहेर करडीचं, ह्यांचं गाव आंधळगावच्या बाजूचं. तिकडे तळ्यात डोंगा थांबवायचा तर बांबू चिखलात रोवायचा, नाहीतर दोरीला दगड बांधून सोडायचा आणि निघताना ओढून घ्यायचा. पोटापाण्यासाठी बावनथडीच्या धरणाकडे आलो आणि बांबू कुठे टेकेनासाच झाला. खाली आठ-नऊ पुरुष पाणी आणि त्या पाण्याच्या तळाशी बुडालेलं जंगल. झाडं कापून नेली होती, खुंट तसेच राहिले. मासोळी त्या खुंटांपाशीच राहते, म्हणून जाळं तिथेच टाकावं लागतं आणि होडीही तिथेच थांबवावी लागते. दगड तिथे होडी धरत नाही. मग ह्यांनी वेल्डिंगवाल्याच्या डोक्यावर उभं राहून जाड सळाखीचा लंगर करून घेतला, खाली चार आकडे असलेला.

त्या लंगरावर ह्यांचा मान होता. घाटावरच्या भल्याभल्यांचे लंगर खुंटात अडकून कायमचे राहिले, दोर कापून माणसं परत आली. ह्यांचा कधीच राहिला नाही. होडीच्या टोकाला पाय रोवून, दात आवळून, कपाळाच्या शिरा फुगेपर्यंत ओढून ह्यांनी तो दर वेळी वर आणला. घाटावर तोंडभर कौतुक व्हायचं आणि घरी येऊन मी रात्रभर तेल चोळत बसायची.

दवाखान्यातून आल्यावर महिना-दीड महिना गेला आणि हे परत पाण्याकडे बघायला लागले. सोबतचा गडी तोवर चिखल्याला खाणीच्या ट्रकवर लागला होता. दुसरा मिळेना. तेव्हा होडीत मी बसले. मासोळी घेऊन मी चिखल्याच्या कॉलनीत दारोदार फिरत होतेच, आता ती पकडायलाही लागले. होडीची मोटार चालवायला शिकले. पण लंगराचं काय करायचं, ह्या विचाराने माझी झोप उडाली होती.

उपाय मला मोबाइलवर सापडला. कुणी एक गोरा माणूस समुद्रातून लंगर काढत होता आणि गंमत म्हणजे दोराला हातसुद्धा लावत नव्हता. दोरावर एक सैल कडी सरकवलेली, कडीला हवेनं भरलेला मोठा गोळा बांधलेला. होडी पुढे जायची, गोळा मागे पाण्यावर राहायचा, दोर कडीतून सरकायचा आणि लंगर खालून आपोआप वर यायचा. मी ते चार वेळा पाहिलं आणि मला माहेरची मोट आठवली. बैल पुढे चालतात, दोर चाकावरून सरकतो, मोट वर येते. इथे होडी बैल झाली आणि गोळा चाक झाला. लंगर वर येऊन कडीत बसला की गोळा त्याला तरंगत धरतो. मग दोर नुसता पाण्यावरून होडीत घ्यायचा.

आमच्याकडे गोळा कुठला? मी घट्ट झाकणाची निळी मोठी कॅन घेतली आणि गोठ्यातली बैल बांधायची लोखंडी कडी काढली. व्हिडिओत आणखी एक युक्ती होती. दोर लंगराच्या वरच्या टोकाला बांधायचाच नाही. तो खाली, आकडे जुळतात तिथे बांधायचा, दांड्यावरून वर आणायचा आणि वरच्या टोकाला नुसत्या सुतळीने अडकवायचा. लंगर खुंटात फसला की मोटारीच्या ओढीने सुतळी तुटते, ओढ खालून बसते आणि आकडे ज्या वाटेने शिरले त्याच वाटेने मागे निघतात. बोरीच्या काट्यात पदर अडकला तर आपण पुढे ओढत नाही, मागे घेतो, तसं.

"लंगर मानूस काढते, डब्बा नाई," हे म्हणाले.

"मंग मानसानं बसून पाहावं, डब्बा कसा काढते ते," मी म्हणाले.

पहिल्यांदा ती कॅन लंगर घेऊन पाण्यावर डुलायला लागली तेव्हा मी हसले, टाळ्या वाजवल्या. हे दुसरीकडे तोंड करून बसले. जणू घरात सवत आणली. त्यानंतर लंगर कॅनच काढायची आणि मला वाटलं, माझ्या जिवाचा घोर मिटला.

उन्हाळ्यातली दुपार होती. खुंटांपाशी जाळं टाकून झालं, निघायचं एवढ्यात टेकड्यांच्या मागून वादळाने आभाळ मातकट झालं.

"वावधन येऊन राहिलं," हे म्हणाले. "चाल लवकर."

मी मोटार सुरू केली. होडी पुढे निघाली, कॅन मागे गेली, दोर ताणला आणि कॅन बुडाली. वर आलीच नाही. लंगर खुंटात फसला होता. मला त्याचं काही वाटलं नाही, सुतळी आत्ता तुटेल म्हणून मी मोटार वाढवली. सुतळी तुटली नाही. होडीचं टोक खाली ओढलं गेलं आणि पाणी आत आलं. मी घाबरून मोटार कमी केली. तोवर वारा पोहोचला होता, लाटा काठावर आपटत होत्या. पुन्हा वाढवली, पुन्हा टोक खाली, पुन्हा पाणी.

"सुतळी काहून तुटून नाई राहिली जी?" मी ओरडले.

हे लहान मुलासारखे खाली बघत होते.

"काहून जी?"

"तिथं सुतळी नाई. तार हाय."

"कोनी बांधली?"

"मीच. तीन येढे देऊन. एवढ्या लंगराले सुतळी कोन बांधते? एखाद्या दिवशी सुटून गेला असता."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. पण भांडायला सवड कुठे होती! आयुष्यभर सुटू नये म्हणून गाठी मारत आलेला माणूस, तुटावी म्हणून बांधलेली सुतळी त्याच्या डोळ्यांना खुपली होती. आणि आता त्या तारेने आमची होडी भर वाऱ्यात खुंटाला बांधून ठेवली होती.

"सरक, मी पाह्यतो," म्हणून हे उठले. टोकाला गेले, पाय रोवले, दोर हाताला गुंडाळला. अगदी पूर्वीसारखं.

"तुमाले माही आन हाय, दोर सोडा!"

त्यांनी ऐकलं नाही. होडी एका अंगाला कलली, त्यांच्या मानेच्या शिरा वर आल्या. मग मी त्यांचं तोंड पाहिलं. उन्हात रापलेला तो चेहरा राखेसारखा झाला होता, ओठांवर घाम होता, आणि तरी बोटं दोर सोडत नव्हती.

मी मोटार बंद केली. वाऱ्यात मोटार बंद करू नये हे मलाही कळत होतं. पण एका हाताने मोटार आणि दुसऱ्या हाताने नवरा, असं काही जमत नव्हतं. मासोळी साफ करायची सुरी घेऊन मी होडीच्या तळातून गुडघ्यांवर सरकत टोकाकडे गेले.

"कापजो नको!" हे धापा टाकत म्हणाले. "लोक का म्हनतीन!"

"म्हनतीन ना! खांदा द्याले येतीन तवा म्हनतीन!"

हे शब्द माझ्या तोंडून कसे गेले, देव जाणे. पण त्यांची बोटं सैल झाली. ते मागे बसले, छातीवर हात ठेवून. मी आधी त्यांच्या खिशातली गोळी काढून जिभेखाली ठेवली आणि मग दोराकडे वळले. मोटार बंद झाल्यावर वर आलेली कॅन दोर ओढून जवळ घेतली. दोर नुसता कापला असता तर कडीतून सरकून तळाला गेला असता, म्हणून आधी तो कॅनच्या मुठीला बांधायला हवा होता. लाटेने होडी उचलायची, दोर हातातून निसटायचा. कशीबशी एक गाठ बसली.

"दुसरी मार," होडीच्या तळातून आवाज आला.

त्या अवस्थेतही! मला रडू आलं आणि रागही आला. पण मी दुसरी गाठ मारली, आणि मग होडीकडचा दोर कापला. होडी एकदम वाऱ्याबरोबर सुटली. मोटार दोन-तीनदा खोकली आणि लागली. काठ येईपर्यंत मी पाण्याकडे कमी आणि त्यांच्या छातीकडे जास्त पाहिलं. ती वरखाली होत होती. मला दुसरं काही नको होतं.

तपासणीत नवीन काही निघालं नाही. डॉक्टर त्यांच्यावर रागावले, मग माझ्यावरही रागावले. होडीत जायची परवानगी दिली, पण दोराला हात लावायची नाही. घाटावर लोक म्हणायचे ते म्हणालेच. "तुमचा डब्बा अजून तैरून राहिला भाऊ." हे संध्याकाळी काठावर उभं राहून त्या निळ्या ठिपक्याकडे बघत राहायचे. मी बोलवायला गेले की म्हणायचे, "येतो." आणि यायचे नाहीत.

मग एका शांत सकाळी मीच म्हणाले, "चला, घेऊन येऊ."

"निघाला नाई त?"

"नाई निघाला त राहीन तिथंच. आपन वापस येऊ."

पाणी हलत नव्हतं. कॅनच्या मुठीची गाठ सोडायला सुरीचं टोक लागलं, दुसरी गाठ मी खरंच घट्ट मारली होती. नवा दोर जुन्याला जोडला, होडीला बांधला आणि त्या दिवशी ओढलं होतं त्याच्या उलट बाजूला होडी वळवली. हे होडीच्या मधोमध बसले. हाताला सवय ओढायची, म्हणून त्यांनी दोन्ही तळवे मांडीखाली दाबून ठेवले.

मोटार वाढवली. दोर ताणला. कॅन बुडाली आणि खालीच राहिली. होडीचं टोक झुकायला लागलं. मी ह्यांच्याकडे पाहिलं. एक हात मांडीखालून अर्धा बाहेर आला होता. मला बोलायची भीती वाटत होती. त्यांनी तो हात परत दाबला आणि डोळे मिटून घेतले.

मग खाली काहीतरी सुटलं. होडी पुढे उडाली, आणि मागे कॅन पाण्यातून उसळून वर आली, डुलत डुलत. दोर मी एकटीनेच गोळा केला. लंगराचा एक आकडा सरळ झाला होता आणि त्याला कुजलेल्या लाकडाची ढलपी लागलेली होती. तार तशीच होती, तीन वेढे.

घाटावर येताच ह्यांनी पकड आणली आणि ती तार वेढा वेढा उलगडून काढली. मग माझ्याकडून सुतळी मागून घेतली. लंगराच्या टोकाला ती बांधताना त्यांच्या बोटांना जड जात होतं, कारण अशी गाठ त्यांनी कधी मारली नव्हती. बांधून झाल्यावर लंगर माझ्यासमोर सरकवला.

"ओढून पाह्य बरं. तुटते ना?"

मी झटका दिला. सुतळी तुटली.

"हाव," ते म्हणाले आणि दुसरी बांधायला बसले.