मॉरिसने मागितलेल्या घंटा

आमच्या ऑल्डमिन्स्टरच्या कॅथेड्रलला आठशे वर्षं झाली. त्यातली सत्तावीस मॉरिस पेनफोल्डच्या पायांखालून गेली. तो व्हर्जर. म्हणजे सकाळी दारं उघडायची, मेणबत्त्या लावायच्या, खुर्च्या मांडायच्या आणि प्रार्थनेच्या वेळी काळा झगा घालून, चांदीची काठी धरून डीनसाहेबांच्या, म्हणजे कॅथेड्रलच्या मुख्य धर्मगुरूंच्या, पुढे चालायचं. डीनसाहेब पाच झाले, पुढे चालणारा एकच. मी तिथे येणाऱ्यांना फुकटात माहिती सांगते, त्यामुळे हे सगळं डोळ्यांदेखतचं आहे.

मॉरिसला पैशाचं नाव काढायची भारी लाज. दानपेटीकडे बोट दाखवायचं झालं तरी आधी पाच मिनिटं हवेपाण्याचं बोलायचा. आमच्या गावात याला चांगलं वळण म्हणतात.

चार वर्षांपूर्वी मिस हेस्केथनी त्याला चहाला बोलावलं. बाईंचं वय एक्याण्णव, घर तीन मजली, मागेपुढे कोणी नाही. बिस्किटांची बशी सरकवत त्यांनी विचारलं, "पेनफोल्ड, आडपडदा न ठेवता सांगा. कॅथेड्रलला सगळ्यात जास्त गरज कशाची आहे?"

त्याच महिन्यात दोन व्हर्जरना घरी पाठवलं होतं. छप्पर गळत होतं आणि ते शाकारायचं तर आणखी माणसं कमी करावी लागणार होती. मॉरिसला सगळं ठाऊक होतं. पण आपल्याच पगाराचं नाव आपल्याच तोंडाने कसं काढायचं? तो म्हणाला, "घंटांकडे जरा बघायला हवं, मॅडम."

बाई त्यानंतर दोन वर्षं जगल्या. तेवढ्यात गावाने वर्गणी काढून घंटा नव्या केल्या. मग बाई गेल्या आणि मृत्युपत्र उघडलं. नऊ लाख पौंड, 'श्री. पेनफोल्ड यांच्या सल्ल्यानुसार, केवळ घंटांसाठी'.

डीनसाहेबांनी वकीलबाई मिसेस ओग्डेनना बोलावलं. मॉरिस चहा घेऊन आत गेला तो तिथेच उभा राहिला.

"यातून छप्पर होणार नाही?" डीनसाहेबांनी विचारलं.

"छप्पर नाही, पगार नाही, झाडूसुद्धा नाही. कायदा देणाऱ्याचा शब्द बघतो. एक पेनी इकडेतिकडे गेली तर विश्वस्तांनी पदरची भरायची."

"हेतू बदलता येतो म्हणतात."

"मूळ हेतू अशक्य झाला तर. तुमच्या घंटा तर वाजतायत."

"मग एखादी फोडू या का?" डीनसाहेब म्हणाले. कोणी हसलं नाही. वकीलबाईंनी मात्र ते वाक्य लिहून घेतलं.

मॉरिसने घसा खाकरला. "बाईसाहेब, त्यांच्या मनात कॅथेड्रल चालावं एवढंच होतं. मी शपथेवर सांगतो."

"त्यांनी तुम्हाला विचारलं होतं?"

"हो."

"आणि तुम्ही काय सांगितलंत?"

मॉरिसने कप गोळा केले आणि तो बाहेर आला.

वसंतात त्याची जागा कमी झाली. निरोपाला घंटा तीन तास वाजल्या. वाजवणाऱ्यांच्या जेवणाचा खर्च हेस्केथ निधीतून, अगदी कायदेशीर. मॉरिसला एक कार्ड मिळालं.

पुढच्या आठवड्यात तो मला बाजारात भेटला.

"डीनसाहेब घरी आले होते, हिल्डा. रविवारी काठी धरायला माणूस नाही म्हणाले. स्वयंसेवक म्हणून येशील का विचारत होते. झगा तोच."

"बिनपगारी?"

"तसा काही विषय निघाला नाही."

"अरे, तू काढायचास ना विषय! सत्तावीस वर्षं राबलास, हाकललं तुला, आणि आता फुकटात परत या म्हणे. काय सांगितलंस?"

त्याने हातातला कोबी दोनदा फिरवून पाहिला, परत ढिगात ठेवला.

"सांगितलं, साडेसातला येतो."