अकरा कोऱ्या नोंदी

समोरच्या फ्लॅटमधल्या चिठ्ठीवाल्याला ‘झालं’ हा शब्द खपत नसे. कोणी म्हणालं, काम झालं, की तो लगेच विचारी, “कोणी वापरलं?” एकदा मी दारातून हाक मारली, “साबुदाण्याची खिचडी झालीय, घेऊन जा.” तर म्हणाला, “काकू, आधी खातो, मग झाली म्हणा.” वय बत्तीस, परभणीकडचा, चेहरा कायम नुकतंच झोपेतून उठवल्यासारखा.

मुलांनो, तुम्ही मागच्या खेपेला इथे चेन्नईत, वेलचेरीला आलात तेव्हा तो फ्लॅट रिकामा होता, म्हणून तो तुम्हाला ठाऊक नाही. त्याची पाच जणांची कंपनी तिथून चाले. अपार्टमेंटमध्ये राहणाऱ्यांसाठी ते मोबाइलवरचं एक ॲप बनवत होते. त्यावर पाण्याचा टँकर मागवायचा, लिफ्टची तक्रार करायची. हॉलच्या भिंतीवर पिवळ्या चिठ्ठ्याच चिठ्ठ्या, एकीवर एकच काम. त्यांचे तीन रकाने होते, ‘करायचं’, ‘चाललंय’ आणि ‘वापरलं’. चिठ्ठीवाला हे नाव मी ठेवलं.

दोन आठवड्यांपलीकडचं काही पक्कं ठरवायचं नाही, हा त्याचा नियम. मी चेन्नईजवळच्या आवडी गावातल्या शाळेत तीस वर्षं इंग्रजी शिकवलं. जूनमध्ये माझं वर्षभराचं नियोजन वहीत तयार असे. मला ते पटेना. “पुढचं ठाऊक नसताना तुझी माणसं कामाला येतात तरी कशी?” मी विचारलं. “पुढचं कोणालाच ठाऊक नसतं, काकू. आम्ही फक्त तसं कबूल करतो.” दोन आठवडे संपले की सगळे जमिनीवर बसत आणि प्रत्येक जण आपली एक चूक सांगे. पहिली चूक त्याची. आमच्या स्टाफरूममध्ये तीस वर्षांत असं एकदाही घडलं नव्हतं.

दर दुसऱ्या शुक्रवारी तो नवीन केलेलं काम वापरून बघायला दोघींना बोलवी, मला आणि तळमजल्यावरच्या कामाक्षी मामींना. फोन आमच्या हातात देई आणि स्वतःचे हात मांडीखाली दाबून बसे. मदत करायची नाही, नुसतं बघायचं. आम्ही अडलो की म्हणे, “चूक तुमची नाही, आमची.” मामी तमिळ, जिभेच्या तिखट. “तंबी, हे बटण मुंगीसाठी केलंस का?” असं त्या विचारत. तंबी म्हणजे धाकटा भाऊ. दोन दिवसांत बटण मोठं होई.

त्याचा आणखी एक नियम होता. तीन महिने कोणी वापरलं नाही, तर ते काढून टाकायचं. वाढदिवसाच्या शुभेच्छा पाठवायची सोय त्यानं स्वतः रविवारी बसून केली होती. ती काढताना डोळ्याची पापणी हलली नाही. “अडगळ साठली की कामाची वस्तू सापडत नाही,” तो म्हणाला. मला हे फार आवडलं. त्याच आठवड्यात मी माझी दोन कपाटं रिकामी केली.

मामींचे यजमान दोन वर्षं अंथरुणाला खिळलेले. त्यांची खोली इमारतीच्या मागच्या बाजूला, सखल भागात. एका शुक्रवारी मामी म्हणाल्या, “टँकर, लिफ्ट, सगळं ठीक. पाणी घरात आलं की यांना कोण उचलणार?” चिठ्ठीवाला उठला. त्यानं चिठ्ठी लिहिली आणि भिंतीवर सगळ्यांत वर लावली. दोन आठवड्यांत लाल बटण तयार झालं. ते दाबलं की वरच्या मजल्यांवरच्या ठरलेल्या दोघांचे फोन उचलेपर्यंत वाजत राहायचे. मामींसाठी एक तो स्वतः आणि दुसरे तिसऱ्या मजल्यावरचे रेल्वेतले गृहस्थ. मे महिन्यात मामींनी दाबून पाहिलं. सहा मिनिटांत दोघं त्यांच्या दारात हजर. मामींनी त्यांना ताक पाजलं आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, “टीचर, आता मी झोपेन.”

कंपनीला पैसे पुरवणारे गृहस्थ पुण्यात होते. ऑक्टोबरच्या सुरुवातीला त्यांचा फोन आला तेव्हा मी चिठ्ठीवाल्याकडे चकल्यांचा डबा घेऊन गेले होते, आणि फोन मोठ्या आवाजात लावलेला होता. “पावसाळा संपला. जूनपासून ते लाल बटण कोणी दाबलं नाही. ॲपच्या नवीन रूपात ते बसवायला तुझे दोन आठवडे जाणार. काढ ते. नियम तुझाच आहे.” चिठ्ठीवाला म्हणाला, “सर, इथला पाऊस आत्ता सुरू होतो.” पलीकडून हसणं ऐकू आलं. “मग पुढच्या खेपेला परत घाल. लवचिक पद्धत म्हणतोस ना?”

 हे चिठ्ठीवाला दुसऱ्यांना इतक्यांदा सांगत आला होता की स्वतःवर आल्यावर खोडता येईना. त्यानं लाल बटणाची चिठ्ठी पुन्हा ‘करायचं’मध्ये लावली. बटण निघालं आणि सगळ्यांच्या फोनवर तशी सूचना गेली. मी विचारलं, “मामींना सांगितलंस? त्या सूचना वाचत नाहीत.” “शुक्रवारी समोर बसवून सांगतो, काकू.” कामाच्या घाईत तो शुक्रवार रद्द झाला. मामींचं दार माझ्यापासून दोन जिने खाली. मीही गेले नाही.

पुढच्या बुधवारी पहाटेपासून पाऊस लागला होता. सहाच्या सुमारास मागच्या नाल्याचं पाणी मामींच्या खोलीत शिरलं. मी तेव्हा खिडक्या लावून चहा करत होते. चिठ्ठीवाला उशाशी फोन ठेवून झोपला होता, आणि फोन वाजला नाही. मामींनी लाल बटणाच्या जागी बोट दाबलं. तिथे आता पाहुण्यांची नोंद करायचं बटण होतं. चष्मा पाण्यात पडलेला. दाबलं, आणि सहा मिनिटांत माणसं येतात म्हणून नवऱ्याचं डोकं मांडीवर उचलून त्या थांबल्या. पुन्हा दाबलं. पाऊण तासानं दूधवाल्याची बोंब ऐकून आम्ही धावलो तेव्हा पाणी खाटेच्या वर होतं. मामांना चिठ्ठीवाल्यानं पाठीवर घेतलं. इस्पितळात ते चार दिवस होते, पाचव्या दिवशी गेले.

त्या आठवड्यात त्यानं लॅपटॉप माझ्यासमोर उघडून ठेवला. पाहुण्यांच्या यादीत मामींच्या घरच्या अकरा नोंदी, सगळ्या कोऱ्या. नाव नाही, काम नाही, फक्त वेळ. पहिली सहा वाजून चार मिनिटांची. “बघा काकू,” तो म्हणाला, “वापरलं.”

तेराव्यानंतर तो मामींकडे गेला. मी बरोबर होते. त्यांनी त्याला कॉफी दिली. तो क्षमा मागू लागला तर हातानं थांबवून म्हणाल्या, “तंबी, माझा आवाज मोठा आहे. मी ओरडले असते. तुझं बटण होतं म्हणून ओरडले नाही.” त्यात राग नव्हता. तापमान सांगावं तसं त्यांनी सांगितलं. कॉफी त्यानं पूर्ण प्यायली.

परवा फोनवर तुम्ही विचारलंत ना, आजी, सकाळी सकाळी तुझ्याकडे कोण ओरडतं? त्या मामी. तेव्हापासून रोज सहा वाजता त्या मागची खिडकी उघडून “टीचर!” अशी हाक मारतात, आवाज वर पोचतो की नाही हे बघायला. पहिल्या दिवशी मी गॅस बंद करून दाराशी येईतो चिठ्ठीवाला अनवाणी निम्मा जिना उतरला होता. दुसऱ्या दिवशीही तेच. हाक माझ्या नावाची, धावणारा तो. खाली जायचा, मामी म्हणायच्या, “काही नाही, बघत होते,” आणि तो वर यायचा.  कंपनी बंद झाली, त्याची माणसं एकेक करून गेली, भिंत कोरी झाली, तरी तो सहाच्या आधी जागा असे.

जानेवारीत एके सकाळी मीही त्याच्यामागून खाली गेले. मामी खिडकीच्या गजांमागे उभ्या होत्या. त्यांनी त्याच्या पायांकडे पाहिलं. “पोदुम, तंबी,” म्हणाल्या. पोदुम म्हणजे पुरे. “गावी जा. तुझी आई आहे ना?”  शनिवारी त्यानं फ्लॅटची किल्ली माझ्याकडे ठेवायला दिली. “येतो, काकू,” म्हणाला, आणि आला नाही.

आता मीच गॅलरीत जाऊन मोठ्यानं सांगते, “ऐकू आलं, मामी.” त्या लगेच आत जात नाहीत. जिन्याकडे कान देऊन थोडा वेळ थांबतात, मग खिडकी लावून घेतात.