चिकूचं झाड हलवायचं नसतं

मुलांना आधी गोष्ट द्या, अक्षरं तिच्यामागून येतील, हे मी कितीतरी व्यासपीठांवरून आवेशानं सांगितलं आहे. दिवाळीनंतर सुनीताचा फोन आला. ही माझी जुनी मैत्रीण तलासरीजवळच्या एका पाड्यावर शिकवते.

"भाषणं पुरे. ये आणि करून दाखव."

तिच्या पहिलीतली लाखी जूनपासून वर्गात एक शब्द बोलली नव्हती. आईवडील रविवारी वीटभट्टीच्या कामाला निघणार होते. शाळेत गप्पच बसते तर तिला पाड्यावर मामाकडे ठेवायचं कशाला, असं आईचं म्हणणं. लाखी गेली की तिची शाळा संपली, हे सुनीताला ठाऊक होतं.

लहानपणचं चित्रांचं पुस्तक पिशवीत टाकून मी निघाले. आजोबा फळांचं झाड हलवतात, फळं टपाटप पडतात, एकेक प्राणी खायला येतो, एवढीच गोष्ट. आमच्या घरातली तिसरी पिढी त्यावर वाचायला शिकली.

गुरुवारी डहाणू रोडला उतरले आणि तिथल्याच मसोली भागात मुक्काम केला. खोली साधी, स्वच्छ. जेवायला ताज्या बोंबलांचं कालवण. सकाळी एसटी स्टँडबाहेर चिकू घेतले. विकणारीनं विचारलं, "बेन, आज खाणार की परवा?" परवा म्हटल्यावर एकेक चिकू अंगठ्यानं दाबून निवडला. "मार लागलेला एक पण नाय देणार."

तलासरीची एसटी दर तासाला असेलच, असं धरून चालू नका. वेळ आदल्या दिवशी विचारून ठेवा. तलासरीहून पुढे शेअर रिक्षा मिळते.

वर्गात मी पुस्तक उघडलं आणि खड्या आवाजात वाचू लागले. मुलं भिंतीला सरकली. मागून सुनीता म्हणाली, "अगं, सभा नाहीये ही."

तिनं पुस्तक घेतलं, छापलेल्या ओळींवर कागदाच्या कोऱ्या पट्ट्या लावल्या आणि एवढंच विचारलं, "काय दिसतंय?" मुलं आपल्या बोलीत सांगू लागली, ती तसंच पट्टीवर लिहू लागली. झाड हलवणाऱ्या आजोबांचं पान आलं. कोपऱ्यातून आवाज आला.

"झाड नाय हलवायचा. चिकू फुटं."

लाखी उभी होती. चित्रातली फळं कसली ते पुस्तकात कुठेच नाही. तिच्या लेखी ते चिकू होते.

सुनीतानं चेहरा कोरा ठेवून विचारलं, "मग कसा उतरवायचा?"

"मामा जाळीत घेतो." तिनं दोन्ही हात वर करून लांब बांबू धरून दाखवला. तिचा मामा बोर्डीकडच्या वाडीत चिकू उतरवतो, हे मला तेव्हा कळलं.

तिची तिन्ही वाक्यं पट्टीवर गेली. लाखीनं बोट ठेवून ती वाचली. खरं तर पाठ म्हटली. मग सुनीतानं फळ्यावर नुसतं 'मामा' लिहिलं. लाखीनं पट्टी पाहिली, फळा पाहिला आणि म्हणाली, "मामा."

दुपारी आई न्यायला आली. लाखीनं तिला पट्टी वाचून दाखवली.

"हे पुस्तकात लिवलंय?" आईनं विचारलं.

"लाखी बोलली, मी लिहिलं," सुनीता म्हणाली.

आईनं पान जवळ घेऊन पाहिलं. "भावाला विचारते," एवढंच बोलली. पुस्तक मी तिथेच ठेवलं.

शनिवारी झाईला गेले. किनारा शांत, वाळत घातलेल्या मासळीचा वास, पलीकडे गुजरात. जरूर जा. माझं मन मात्र पाड्यावर होतं.

रविवारी घरी चिकू कापले. एकालाही मार लागलेला नव्हता. तेवढ्यात सुनीताचा फोन आला. आईवडील सकाळी गेले होते. लाखी मामाकडे राहिली होती.

"आता बोलते का गं?"

"बोलते? सकाळी माझ्या घरी येऊन सांगून गेली, पुस्तकातली शेळीपण चुकलीये म्हणून. उद्या पट्टी लावायचीय."

ज्या पुस्तकाला मी आयुष्यभर निर्दोष मानलं, त्याच्या चुकीचे मी मनापासून आभार मानते.