तळटिपेत न मावलेली माणसं

डहाणू कोर्टासमोर माझं टायपिंग-डीटीपीचं दुकान आहे. लोक कागद घेऊन जातात, बाकावरचं बोलणं इथंच राहतं. सगळ्यात जास्त राहिलंय ते वकीलकाकांच्या पुस्तकाचं.

काका निवृत्त वकील. आदिवासींच्या जमिनीच्या खटल्यांवरच्या त्यांच्या पुस्तकाची पानं मी छपाईसाठी लावत होते. प्रत्येक निकालाचा हवाला खाली तळटिपेत. वेवजी गावच्या लखमीबायला हे कळलं. जमिनीवरून शेटशी चाललेली तिच्या वडलांची केस काकांनीच लढवलेली, वडील निकालाआधीच गेले. ती येऊन म्हणाली, "साहेब, माझे बापाचा नाव येल ना त्यात?"

"केस आहे म्हणजे नाव आहेच," काका म्हणाले.

*

काका रोज एखादी ओळ वाढवायचे आणि तळटिपा पुढच्या पानावर पळायच्या. "मी एक ओळ घातली, तू अख्खं पुस्तक हलवलंस!"

"मी नाही काका, सॉफ्टवेअर हलवतं."

"मग त्याला समन्स काढ!"

*

तोच निकाल लागोपाठ आला की खाली 'कित्ता', म्हणजे 'वरचाच', एवढंच टाकायचं. काकांनी मधला परिच्छेद उडवला, आणि तलासरीच्या गवताच्या जमिनीचा कित्ता आशागडच्या चिकूवाडीच्या भांडणाला जाऊन चिकटला.

प्रूफ बघून काका म्हणाले, "वाडीवाल्याला कळलं, तर गवतावरही दावा लावेल."

*

तळटीप दोन ओळींतच बसली पाहिजे, हा काकांचा कायदा. म्हणून पहिल्या अर्जदाराचं नाव आणि पुढे 'व इतर'. निकालांच्या पुस्तकांतही तसंच असतं. मी विचारलं, "इतरांत कोण कोण आहे, काका?"

"ज्योती, सगळ्यांना बसवत गेलो तर पंगत होईल!"

तेव्हा आम्ही दोघंही हसलो. आता तो विनोद आठवला की नको वाटतं.

*

पुस्तकं छापून आली, त्या दुपारी लखमीबाय आली. काकांनी पान काढून दिलं. तिने बोट ठेवून तळटीप वाचली. "माझा बाप कुठं आहे?"

"हे बघ, 'व इतर'. त्यात आहेत ते."

"आन हा पहिला नाव? हा तर मधीच शेटला जाऊन मिळाला. शेवटपर्यंत तारखेला माझा बाप येत होता, चालत."

काकांना ते चांगलं आठवत होतं.  मला फार वाईट वाटलं.

लखमीबायने माझं पेन घेतलं. तळटिपेशेजारच्या कोऱ्या जागेत वडलांचं नाव सावकाश लिहिलं आणि पुस्तक पिशवीत ठेवू लागली.

"थांब," काका म्हणाले. त्यांनी गठ्ठ्याची सुतळी सोडली, पुढचं पुस्तक त्याच पानावर उघडलं आणि तिच्यासमोर ठेवलं.