ईयोबाची मुलं

माझा मामा लिफ्ट दुरुस्त करायचा आणि देव मानायचा नाही. दोन्ही गोष्टी तो सारख्याच निष्ठेने करायचा. त्याच्या एकुलत्या एका मित्राला सगळे कवळीवाले म्हणत. दातांचे डॉक्टर साचे पाठवायचे आणि हे आपल्या कामाच्या खोलीत बसून गुलाबी हिरड्यांवर एकेक दात बसवायचे. दर रविवारी चर्चमध्ये पहिल्या बाकावर हजर, आणि बायबल तोंडपाठ. मामाच्या तोंडातली कवळीसुद्धा त्यांच्याच हातची. "हा नास्तिक जे काही बोलतो, ते माझ्या कारागिरीवर बोलतो," असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवत.

दोघांची ओळख लिफ्टमध्येच झाली. मामा कवळीवाल्यांच्या इमारतीत लिफ्ट दुरुस्त करून ती चालवून बघत होता. कवळीवाले घाईत आत शिरले आणि लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली. त्यांनी डोळे मिटून प्रार्थना सुरू केली. मामाने बटणांची पट्टी उघडून स्क्रूड्रायव्हर घातला. थोड्या वेळाने लिफ्ट हलली. ती कोणामुळे हलली यावर तळमजल्यापर्यंत वाद झाला, तो पुढे चहावर गेला, आणि मग दोघं म्हातारे झाले तरी संपला नाही.

मध्ये एकदा मात्र मैत्री तुटायची वेळ आली होती. देवाच्या सांगण्यावरून मुलाचा बळी द्यायला डोंगरावर निघालेल्या बापाची गोष्ट चालली होती. मामा म्हणाला, "असल्या बापाला पोलिसांत द्यायला हवं. आणि तुम्ही त्याला नमस्कार करता!" कवळीवाल्यांनी पॉलिशचं यंत्र बंद केलं आणि पुढे बरेच दिवस मामाशी अबोला धरला. मामा घरी येरझाऱ्या घालायचा आणि मी काही विचारलं की माझ्यावरच खेकसायचा. शेवटी कवळीवालेच आले. म्हणाले, "तुम्ही माझी चेष्टा केलीत, त्याचं मला काही नाही. पण ज्याची चेष्टा केलीत ते माझं म्हणणंच नव्हतं, मेकॅनिकसाहेब."

तेव्हापासून त्यांनी एक नियम केला. दुसऱ्याचं खोडून काढायच्या आधी त्याची बाजू त्याला पटेल अशी मांडून दाखवायची. त्याने "हेच" म्हणून मान डोलावली की मगच आपलं तोंड उघडायचं. मला हे सगळं रिकामटेकडेपणाचं वाटायचं. कित्येकदा अख्खी दुपार ती मान मिळवण्यातच जायची आणि वाद तसाच राहायचा. पण खरं सांगते, कवळीवाले नास्तिकाची बाजू इतकी रंगून मांडायचे की त्यांच्या फादरनी ऐकलं असतं तर हायच खाल्ली असती. मामा डोळे मिटून ऐकायचा. त्याचं म्हणणं जगात इतकं नीट कोणीच ऐकून घेतलं नव्हतं, मामीनेसुद्धा नाही.

मामाची एक मुलगी होती. शाळेत जायच्या वयात तापाने गेली. काही वर्षांनी मामीही गेली. मुलीबद्दल मामा कोणाशी बोलायचा नाही. मी त्याच्याच घराच्या वरच्या मजल्यावर राहते, पण मीसुद्धा कधी विषय काढू शकले नाही. कवळीवाल्यांशीही तो थेट बोलला नाही. बोलला तो ईयोबाच्या आडून.

ईयोब म्हणजे बायबलातला एक भला माणूस. त्याची गुरंढोरं जातात, मुलं मरतात, अंगभर फोड येतात. शेवटी देव त्याला सगळं परत देतो, नवी मुलंसुद्धा. मामाचा सगळा राग त्या शेवटावर होता. "लिफ्टची दोरी झिजली की मी नवी बसवतो," तो म्हणायचा. "मुलं काय दोरी आहेत? आधीच्या मुलांचं काय झालं, ते सांगा."

एका दुपारी कवळीवाल्यांनी हातातला साचा खाली ठेवला आणि म्हणाले, "शेवट नीट वाचलात का? गुरं दुप्पट मिळाली. मुलं मात्र होती तेवढीच. का बरं?"

इतक्या वर्षांत हे मामाच्या लक्षातच आलं नव्हतं. "का?" त्याने विचारलं.

"नियम म्हणजे नियम," कवळीवाले हसत म्हणाले. "मी काय म्हणेन ते आधी तुम्ही सांगायचं. घरी जा, विचार करा. उद्या या."

मामा दुसऱ्या दिवशी दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून गेला. त्या सकाळीच कवळीवाल्यांना अर्धांगाचा झटका आला होता.

जीव वाचला, पण वाचा गेली. महिन्याभराने घरी आणलं तेव्हा त्यांच्या सुनेने मामाला दारातच अडवलं. "काका, राग मानू नका, पण बाबांना आता वाद नकोत."

"वाद नाही घालत, बेटा," मामा म्हणाला. "मी त्यांचीच बाजू सांगायला आलोय."

ती बिचारी बाजूला झाली. मामा खाटेशी बसला, मी मागे उभी राहिले. तो म्हणाला, "आधीची मुलं मेली तरी ती देवापाशी आहेत. अजून ईयोबाचीच आहेत. म्हणून नवी तेवढीच दिली, की सगळी मिळून दुप्पट झाली. हेच ना?"

मला वाटलं, झालं, सुटलं कोडं. पण कवळीवाल्यांनी हळूहळू मान हलवली. नाही.

मग मामा रोज जायला लागला. मीही कधीकधी सोबत जायची. तो काहीतरी नवीन मांडायचा आणि त्या वाकड्या झालेल्या चेहऱ्याकडे बघत राहायचा. एकदा तो म्हणाला, "लिहिणाऱ्याचा हिशेब चुकला," तेव्हा कवळीवाले अर्ध्या ओठाने हसले, पण मान नाहीच डोलावली. हाताने काही खुणावू बघायचे, पण उजवा हात उचलला जायचा नाही आणि डाव्याच्या खुणा कोणाला कळायच्या नाहीत. कधी त्यांच्या डोळ्यांत पाणी यायचं. मग मामा घाईघाईने म्हणायचा, "राहू दे, राहू दे. उद्या बघू."

मला मामाचा राग यायचा. आजाऱ्याला काय छळायचं ते! पण मला कळत होतं, त्याला काय हवं होतं ते. मामाचा देवावर विश्वास नव्हता, पण या माणसावर होता. आपली मुलगी गेली ती पुरती पुसली गेली, की कुठेतरी अजून आपलीच म्हणून जपलेली आहे, हे त्याला विचारण्यासारखा एकच माणूस होता. आणि त्या माणसाला सांगता येत नव्हतं.

हिवाळा संपता संपता कवळीवाले गेले. चर्चमध्ये आम्ही मागच्या बाकावर बसलो. फादर चांगलं बोलले. देवाची योजना आपल्याला कळत नाही, तिच्यापुढे मान तुकवावी, हीच आपल्या या बांधवाची श्रद्धा होती, असं म्हणाले. मामा माझ्या कानाशी पुटपुटला, "हे त्यांचं म्हणणं नव्हतं." तेवढं त्याला नक्की ठाऊक होतं.

त्यानंतर मामाचा आवाजच बसल्यासारखा झाला. दिवसचे दिवस कोणाशी बोलायचा नाही. मी जेवायला बोलवायची, तो मुकाट्याने जेवून निघून जायचा. त्याची बाजू आता कोणी मांडणार नव्हतं आणि ऐकायलाही कोणी उरलं नव्हतं.

परवा मी त्याच्याकडे पडदे लावायला गेले होते. तो खुर्चीत बसल्या बसल्या एकदम म्हणाला, "ऐक. दुप्पट दिली असती तर ती भरपाई झाली असती. देवाला भरपाई करायची नव्हती. त्याला लाज वाटत होती. मुलांच्या बाबतीत आपण काही देऊ शकत नाही, हे त्याला कळलं होतं. म्हणून त्याने फक्त होती तेवढी दिली, आणि गप्प राहिला."

नास्तिक माणूस देवाच्या वतीने इतकं बोलला होता. मी स्टुलावरून खाली उतरले, त्याच्यासमोर उभी राहिले आणि जोरजोरात मान डोलावली. "हेच, मामा. हेच असणार."

मामाने माझ्याकडे पाहिलं. रागावला नाही.

"तू नको गं मान डोलावूस," तो म्हणाला. "ती त्यांनी डोलावायची होती."