बाबांनी काढून टाकलेलं चॅनल

परभणीला आमच्या घरी केबल आली तेव्हा मी दहावीत होते. हिंदी सिनेमे बघून पोरगी बिघडेल, या धास्तीनं बाबांनी महिन्याभरातच केबलवाल्याला सांगून त्या सिनेमांचं चॅनल टीव्हीतून काढायला लावलं.

"इंग्रजी राहू द्या," ते त्याला म्हणाले, "ते अभ्यासाचं हाय."

घरात इंग्रजी मला एकटीलाच यायचं. तिकडच्या सिनेमात माणसं भररस्त्यात मुके घेतात, हे बाबांना ठाऊक नव्हतं आणि मला सांगायची लाज वाटायची. पण मला सलत होतं ते वेगळंच. हिंदी सिनेमा लागला की आई शेंगा फोडत माझ्याजवळ बसायची, गाणं आलं की हळूच गुणगुणायची. आता ती स्वयंपाकघरातच बसायची.

एकदा मी तिला हाक मारली, "आई, ये ना इकडं."

"मला काय कळायलंय त्यातलं? तू बघ अन् मडमीण हो," ती हसून म्हणाली.

मी टीव्ही बंद केला आणि तिच्यासमोर शेंगा फोडत बसले. गाणं मात्र दोघींपैकी कुणीच म्हटलं नाही. शेंगा फोडायला बसले की अजून मी तिच्या गुणगुणण्याची वाट बघते.