कोपरी, निळं दार

यशोदाताईंची आणि माझी शेवटची भेट नेहमीसारखी भांडणातच गेली. दिवाळी तोंडावर आलेली, मी त्यांचं दार रंगवत होतो आणि त्या खुर्ची टाकून माझ्यावर नजर ठेवून होत्या. "भाऊ, खाली ओघळ आलाय. दरवर्षी येतो." मी म्हटलं, "ताई, मी रिटायर्ड क्लार्क, पेंटर नाही." "ते दिसतंयच की!" त्यानंतर महिनाभरात त्या गेल्या.

हे दार माझ्या गळ्यात कसं पडलं, ती माझ्याच अकलेची गोष्ट. बावीस वर्षांपूर्वी मी कोपरीतल्या आमच्या चाळीत नवाच राहायला आलेलो. शेजारच्या खोलीत ताई एकट्या. शाळेत मावशीचं काम करायच्या. त्या चार दिवस आंबिवलीला बहिणीकडे गेल्या आणि माझ्यातला समाजसेवक जागा झाला. त्यांच्या निळ्या दाराला पोपडे आलेले, माझ्याकडे चॉकलेटी रंग उरलेला. दिला फासून! वर दोन फुलंसुद्धा काढली. ताई आल्या तेव्हा शाबासकीसाठी मी दात काढून उभाच. त्यांनी दाराकडे पाहिलं आणि पिशवीसकट पायरीवर बसल्या. "भाऊ, माझ्या सुजूला पत्ता एवढाच यायचा... कोपरी, निळं दार."

सुजाता, त्यांची लेक. त्याच्या अठरा वर्षं आधी, पाच वर्षांची असताना, समोरच्या नळावर खेळता खेळता दिसेनाशी झाली. पोलीस झाले, पेपरात फोटो झाले, ताईंनी एकेक स्टेशन पालथं घातलं... काहीच कळलं नाही. सगळ्या चाळीला हे माहीत होतं, फक्त समाजसेवक सोडून. त्याच संध्याकाळी मी निळा रंग आणला, तो गडद निघाला. दुसरा आणला, तो फिका. तिसऱ्या डब्याला ताईंनाच हसू आलं. "राहू द्या. एवढा नेमका तिलाही आठवत नसेल." तेव्हापासून दर दिवाळीला ब्रश माझ्याच हातात.

पुढे चाळीची सात मजली इमारत झाली, ताईंचं नवं दारही निळंच राहिलं, मी सेक्रेटरी झालो आणि मोठ्या रुबाबात ठराव वाचला : सगळी दारं एकाच रंगाची. मागून ताईंचा आवाज आला, "सेक्रेटरीसाहेब, परत?" भर मीटिंगमध्ये मी स्वतःचाच ठराव खोडला.

ताईंच्या मागे घर भाच्याकडे आलं. प्रशांत घोडबंदर रोडला राहतो, त्याला ते भाड्याने द्यायचंय. परवा दारापाशी उभं राहून तो म्हणाला, "काका, एजंट म्हणतो, दार बाकीच्यांसारखं करून घ्या." तेवढ्यात लिफ्टमधून शेजारची चिमुरडी धावत आली. "ए, निळं दार! म्हणजे आपलाच मजला!" असं म्हणत ती पुढच्या घरात शिरलीसुद्धा. प्रशांत बराच वेळ दारावरून हात फिरवत राहिला. मग म्हणाला, "पुढच्या दिवाळीला ब्रश मी धरणार. तुमचे ओघळ मावशीनेच सहन केले."

यंदाचा ओघळ अजून तिथेच आहे, बरोबर खालच्या कोपऱ्यात. सुजाता आता पंचेचाळिशीची असेल. कुठेतरी, कुणाच्या तरी घरी, चहा पिताना पेपरची ही पुरवणी तिच्या हातात पडलीच तर... बाई, चाळ गेली, नळ गेला, पत्ता तोच आहे.